'मस्त'च्या पुढे काय लिहायचं? चित्रावर अभिप्राय देण्याची पद्धत

ऑनलाइन चित्र टाकणाऱ्याला बदाम मिळतात, अंगठे मिळतात, 'मस्त', 'भारी', 'एक नंबर' मिळतं. कौतुक कोणाला नको असतं? पण 'चेहरा जमत नाहीये, काय चुकतंय सांगा' असं लिहून ज्याने चित्र टाकलंय, त्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. दुसरीकडे, ज्यांना काहीतरी खटकलेलं असतं ते लिहायला कचरतात. 'मला स्वतःला धड रेघ मारता येत नाही, मी कोण सांगणार?' असं त्यांना वाटतं. चित्रांच्या गटात नव्याने आलेल्यांचं तर हमखास हेच होतं.

हा लेख अशा नवख्यांसाठी आहे. अभिप्राय द्यायला चित्र काढता यायलाच हवं असं काही नाही. नीट पाहता यावं आणि जे पाहिलं ते नीट सांगता यावं, एवढं पुरतं. याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं.

मिशेल-यूजेन शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसमधल्या गोबेलाँ या भित्तिपट विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. तिथे एक तक्रार होती: निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणताना वापरलेला काळा धागा फिका पडतो, त्यात जोर नाही. शेव्हरलने काळा रंग तपासला. त्यात खोट नव्हती. धागा निळ्या-जांभळ्याच्या शेजारी आला की डोळ्यालाच तो फिका वाटत होता. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलून दाखवतात यावर त्याने १८३९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढच्या कित्येक चित्रकारांनी त्याचा उपयोग केला. तक्रार करणाऱ्यांनी दोष रंगाला दिला, तो चुकीचा होता. पण 'इथे काळा पुरेसा काळा दिसत नाही' हे त्यांचं पाहणं अगदी खरं होतं, आणि त्या पाहण्यातूनच पुढचा सगळा शोध लागला.

अभिप्रायाचे हे दोन भाग कायम वेगळे ठेवायचे: मला काय दिसलं, आणि ते तसं का दिसलं असावं. पहिल्या भागावर तुमचा पूर्ण अधिकार आहे, कारण डोळे तुमचे आहेत. दुसऱ्यावर जपून बोलायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विभागणीवर उभ्या आहेत.

१. काय मागितलंय ते आधी वाचा

चित्रासोबतचा मजकूर लोक वाचतच नाहीत. 'अजून रफ आहे', 'पहिल्यांदाच जलरंग', 'फक्त दाखवायला टाकतेय', 'क्रिटिक चालेल', 'उद्या द्यायचंय' अशी एखादी ओळ बहुतेकदा असते आणि तुम्ही काय लिहायचं ते तिच्यावर ठरतं. रफ स्केचवर रंगांबद्दल बोलून उपयोग नाही. उद्या द्यायच्या चित्राची मांडणीच बदला म्हणून सांगणं हा त्या माणसाला निव्वळ मनस्ताप आहे.

मजकुरात काहीच मागितलेलं नसेल तर दोष काढू नका. आवडलं असेल तर काय आवडलं ते लिहा. फारच सांगावंसं वाटलं तर विचारा: 'प्रकाशाबद्दल एक गोष्ट सुचतेय, सांगू का?' बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात. नाही म्हणाले तर तिथेच थांबा.

लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यदिग्दर्शिकेने १९९० मध्ये कलाकृतीवर प्रतिसाद देण्याची एक पद्धत बांधली. ती नाचापुरती राहिली नाही, इतर कलांमध्येही वापरली जाते. तिच्यात मत सगळ्यात शेवटी येतं, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. त्याआधी पाहणाऱ्यांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने आपले प्रश्न विचारायचे, मग पाहणाऱ्यांनी कलाकाराला प्रश्न विचारायचे. या प्रश्नांना एक अट आहे: त्यांत मत लपवायचं नाही. 'आकाश एवढं भडक का केलंय?' हा प्रश्न वाटतो, पण तो निकाल आहे. 'हे चित्र दिवसाच्या कोणत्या वेळेचं आहे?' हा खरा प्रश्न. त्याच्या उत्तरातून कदाचित कळेल की चित्रकाराला वादळापूर्वीची संध्याकाळ दाखवायची होती आणि भडकपणा त्याला हवाच होता.

२. लिहिण्याआधी गप्प राहून पाहा

चित्र पूर्ण स्क्रीनवर उघडा. इतरांनी काय लिहिलंय ते अजून वाचू नका, कारण एकदा कोणी 'नाक वाकडं आहे' म्हटलेलं वाचलं की तुम्हालाही फक्त नाकच दिसेल. पहिल्या क्षणी नजर कुठे गेली, मग कुठे सरकली, कुठे अडली, चित्राच्या कोणत्या भागाकडे ती गेलीच नाही, एवढं मनाशी टिपून घ्या.

ही पहिली नजर एकदाच मिळते, आणि चित्रकाराकडे ती नसतेच. तासन्‌तास त्याच कागदावर वाकून त्याचा डोळा चुकांना सरावलेला असतो. लिओनार्डो दा विंचीने चित्रकारांना सल्ला दिला होता की काम चालू असताना चित्र आरशात पाहावं. उलटं झालेलं चित्र दुसऱ्याच कोणाचं वाटतं आणि त्यातल्या चुका दिसू लागतात. डिजिटल चित्रकार कॅनव्हास आडवा फ्लिप करून पाहतात तो त्यासाठीच. तुमच्याकडे ही परकी नजर आयतीच आहे. तुम्ही देऊ शकता त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच.

मग चित्रात काय काय आहे ते मनातल्या मनात सांगून पाहा. चांगलं-वाईट नाही, फक्त काय आहे. अमेरिकन कलाशिक्षक एडमंड फेल्डमन यांनी चित्राकडे पाहण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि शेवटी मूल्यमापन. आपण बहुतेक जण थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो.

एक चित्र समोर ठेवू म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. जलरंगातलं चित्र आहे. डावीकडे खिडकी, तिच्यातून येणारं संध्याकाळचं ऊन, खुर्चीत बसून वाचणारी मुलगी, उजव्या कोपऱ्यात खुंटीला टांगलेली लाल छत्री. चित्रकर्तीने लिहिलंय: 'चित्र निर्जीव वाटतंय, का ते कळत नाही. मदत करा.'

पाहताना असं होतं: नजर आधी छत्रीवर जाते आणि तिथेच घुटमळते. मग खिडकी, मग मांडीवरचं पुस्तक. पुस्तकाच्या पानावर पडलेलं ऊन फार छान दिसतं. मुलीचा चेहरा त्यानंतर कधीतरी दिसतो. आणखी बारकाईने पाहिलं की कळतं, ऊन डावीकडून येतंय आणि खुर्चीची सावलीही डावीकडेच पडलीय. पुस्तक धरलेला हात लहान वाटतो.

हे सगळं 'दिसलं' या खात्यातलं. यातला एकही शब्द लिहायला चित्रकलेचं शिक्षण लागत नाही.

३. कारण तपासा

आता 'का' या प्रश्नाकडे. इथे काही तपासण्या कोणालाही करता येतात, आणि त्या करून मगच बोललं तर तुमच्या म्हणण्याला वजन येतं.

सगळ्यात उपयोगी तपासणी उजेड-काळोखाची. चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि फोनमधल्या फोटो-एडिटरमध्ये तो कृष्णधवल करा. किंवा नुसते डोळे किलकिले करून पाहा: बारकावे पुसले जातात आणि फक्त मोठे गडद-उजळ आकार उरतात. रंग कितपत गडद किंवा उजळ आहे, याला चित्रकार छटा किंवा व्हॅल्यू म्हणतात. चित्र 'सपाट', 'मेलेलं', 'धुरकट' वाटतं तेव्हा दोष रंगात असेल असं आपण धरून चालतो, पण पुष्कळदा तो छटांत असतो. आपल्या उदाहरणात कृष्णधवल केल्यावर मुलीचा चेहरा आणि मागची भिंत जवळजवळ एकाच राखाडी रंगाची दिसतात. चेहरा भिंतीत विरघळून गेलाय. छत्री मात्र उजळ भिंतीवर गडद उमटलीय, वर ती लाल, आणि त्या फिकट चित्रात दुसरं काहीच इतकं तजेलदार नाही. मग नजर तिथे जाणारच.

दुसरी तपासणी प्रकाशाची. उजेड कुठून येतोय ते ठरवा आणि प्रत्येक सावली त्याच्या उलट बाजूला पडलीय का पाहा. गोल वस्तूंच्या सावलीच्या कडेला, शेजारच्या पृष्ठभागावरून उसळलेला हलका उजेड दिसतो. नवे चित्रकार तो आवडीने रंगवतात आणि अनेकदा जास्त उजळ करून ठेवतात. मग तो उन्हातल्या बाजूशी स्पर्धा करू लागतो आणि वस्तूचा गोलपणा जातो.

माणसांच्या चित्रांत प्रमाणाचे दोन-तीन आडाखे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. समोरून पाहिलेल्या प्रौढ चेहऱ्यात डोळे साधारण डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात. नवखे ते बरेच वर काढतात, कारण कपाळ आणि केसांचा भाग किती मोठा असतो हे लक्षातच येत नाही. पंजाची लांबी हनुवटीपासून केस सुरू होतात तिथपर्यंत भरते. हाताचा पंजा चेहऱ्यावर ठेवून पाहा, पटेल. 'हात लहान वाटतो' या वाटण्याला असा आधार मिळाला की ते नुसतं वाटणं राहत नाही.

वस्तुचित्रात गोल तोंडाची भांडी पाहा. कप टेबलावर, आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली असेल तर त्याच्या तोंडाची लंबवर्तुळं चपटी आणि तळाची वळणं जास्त गोलाकार दिसतात. सुरुवातीला बहुतेक जण तोंड गोल आणि तळ सरळ रेघेने काढतात, कारण कप टेबलावर 'सपाट' बसलाय हे डोक्याला माहीत असतं. यथार्थदर्शनात, म्हणजे जवळ-दूरचं अंतर कागदावर दाखवण्याच्या पद्धतीत (पर्स्पेक्टिव्ह), क्षितिजरेषा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची पातळी, एवढं समजलं तरी खोल्या आणि रस्त्यांच्या चित्रांतले बरेच घोळ सापडतात.

फोटोवरून काढलेल्या व्यक्तिचित्राची एक गंमत आहे. फोन चेहऱ्याजवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चित्रकाराने तो फोटो प्रामाणिकपणे उतरवला तरी चेहरा विचित्र वाटतो. 'नाक चुकलं' म्हणण्याऐवजी 'हा फोटो जवळून काढलेला होता का?' असं विचारलंत तर त्याचे पुढचे कित्येक तास वाचतील.

तपासूनही कारण सापडलं नाही तर तसंच लिहा. 'उजव्या खांद्याशी मला काहीतरी खटकतंय, नक्की काय ते सांगता येत नाही' हासुद्धा कामाचा अभिप्राय आहे. चित्रकार तिथे पुन्हा पाहील. ओढून-ताणून कारण बनवलंत तर तो भलत्याच ठिकाणी दुरुस्ती करत बसेल.

४. तुमच्या स्वतःच्या ज्ञानाचा वापर करा

रोमन लेखक प्लिनीने ग्रीक चित्रकार अपेलिसबद्दल एक कथा लिहून ठेवलीय. अपेलिस इ.स.पू. चौथ्या शतकातला. पूर्ण झालेलं चित्र तो लोकांसमोर मांडायचा आणि मागे लपून त्यांचं बोलणं ऐकायचा. चपला बनवणाऱ्या एका कारागिराने चित्रातल्या चपलेत एक चूक दाखवली. अपेलिसने ती दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी त्या कारागिराला चेव चढला आणि तो पायाबद्दलही बोलू लागला, तेव्हा अपेलिसने बाहेर येऊन त्याला चपलेपुरतंच बोल म्हणून सुनावलं.

लोक या कथेचा उत्तरार्ध सांगतात, पायरी सोडून बोलू नये म्हणून. मला पूर्वार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या काळातला एवढा नावाजलेला चित्रकार लपून ऐकत होता, आणि चप्पल ज्याला कळते त्याचं ऐकून त्याने चित्र बदललं. तुम्ही शिवणकाम करत असाल तर कापडाला चुणी कुठून पडते हे तुम्हाला चित्रकारापेक्षा जास्त माहीत आहे. वाद्य वाजवत असाल तर बोटं तारांवर कशी बसतात, सुतारकाम करत असाल तर खुर्चीचा पाय कुठे जोडलेला असतो, कुत्रा पाळला असेल तर तो बसताना मागचे पाय कसे दुमडतो, हे तुम्ही बेलाशक सांगा. ज्यात तुमचा हात नाही तिथे 'मला असं दिसलं' एवढ्यावर थांबा.

५. फोटोचा दोष चित्राच्या माथी मारू नका

तुम्ही चित्र पाहत नाही आहात, चित्राचा फोटो पाहत आहात. रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरा कागद पिवळा दिसतो आणि निळे रंग मातकट होतात. फोन तिरका धरला की चौकट एका बाजूला निमुळती होते, इमारती कललेल्या दिसतात. कोपऱ्यातली काळपट छटा कदाचित फोन धरलेल्या हाताचीच सावली असते. आणि तुमच्या फोनवर रात्रीचा पिवळसर मोड चालू असेल तर तो आधी बंद करा! रंगांबद्दल बोलण्याआधी 'प्रत्यक्ष कागदावरही इतकं पिवळं आहे का?' असं विचारून घेतलेलं बरं.

६. एकच मुद्दा निवडा, फार तर दोन

आपल्या उदाहरणात तीन गोष्टी सापडल्या: चेहरा भिंतीत हरवलाय, सावली उलटी आहे, हात लहान आहे. तिन्ही खऱ्या आहेत. तरी तिन्ही लिहू नका. चित्रकर्तीचा प्रश्न 'निर्जीव का वाटतंय' हा आहे, आणि त्याचं उत्तर पहिल्या मुद्द्यात आहे. हात थोडा मोठा झाला म्हणून चित्र जिवंत होणार नाही. चुकांची यादी वाचून माणूस बधिर होतो, कुठून सुरुवात करायची हेच त्याला कळेनासं होतं.

निवडताना माध्यमाचा विचार हवाच. जलरंगात गडद करणं सोपं, एकदा गडद झालेलं उजळ करणं फार कठीण, कारण उजेड म्हणजे तिथे कागदच असतो. 'चेहरा उजळ करा' हा सल्ला तिथे जवळजवळ निरुपयोगी आहे, 'मागची भिंत गडद करा' हा करता येण्यासारखा आहे. तैलरंगात वरून पुन्हा रंगवता येतं. डिजिटलमध्ये लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, वेगळे असतील तर काहीही हलवता येतं, म्हणून तिथे मांडणीबद्दलही उशिरापर्यंत बोलता येतं. शाईच्या रेघा आता बदलणार नाहीत, तिथे 'पुढच्या चित्रात' असं म्हणून सांगा.

७. आता लिहा

पहिल्या झटक्यात हातून असं काहीतरी लिहिलं जातं:

'छान आहे, पण चेहरा नीट नाही. छत्री काढून टाका. सावली चुकलीय, हात लहान झालाय. अजून सराव करा.'

यात खोटं काही नाही, पण चित्रकर्तीला यातून करण्यासारखं काहीच मिळत नाही. 'नीट नाही' म्हणजे काय? छत्री का काढायची? आणि 'अजून सराव करा' हे वाक्य तर कायमचं सोडूनच द्यावं. ती सरावच करतेय, म्हणून तर तिने विचारलं.

तेच असं लिहिता येईल:

'पुस्तकाच्या पानावर पडलेलं ऊन अप्रतिम झालंय. तिथे कागद कोरा सोडलात म्हणून ते खरंच चमकतंय. तुम्ही निर्जीव वाटतंय म्हणालात त्याबद्दल: माझी नजर आधी लाल छत्रीवर गेली आणि तिथेच राहिली, मुलीचा चेहरा मला बराच उशिरा दिसला. कृष्णधवल करून पाहिलं तर चेहरा आणि मागची भिंत जवळजवळ सारख्याच राखाडी दिसतात. चेहऱ्यामागे भिंतीवर आणखी एक हलका वॉश (पातळ रंगाचा थर) दिला तर चेहरा उठून येईल असं वाटतं. छत्रीच चित्राचा विषय असेल तर मात्र माझं म्हणणं सोडून द्या.'

पहिल्या वाक्यात कौतुक आहे आणि त्याचं कारणही आहे. कोरा कागद सोडल्यामुळे ऊन चमकलं हे कळलं की चित्रकर्ती पुढच्या वेळी ते जाणूनबुजून करेल. नंतर थेट तिच्याच प्रश्नाला हात घातलाय. काय दिसलं ते आधी, तपासून काय आढळलं ते नंतर, आणि मग या माध्यमात जमेल असा एक उपाय. शेवटच्या वाक्यात निर्णय तिच्या हातात परत दिलाय.

दोन कौतुकांच्या मध्ये एक टीका दडवायची, अशी एक युक्ती बरेच जण शिकवतात. ती मला पटत नाही. वाचणाऱ्याला ती लगेच कळते आणि मग खऱ्या कौतुकावरचाही त्याचा विश्वास उडतो. कौतुक करण्यासारखं एकच असेल तर एकच करा, पण ते टीकेइतकंच नेमकं असू द्या. 'रंग छान' म्हणू नका, कोणत्या दोन रंगांची जोडी आवडली ते सांगा.

'तुम्ही चुकलात' यापेक्षा 'खांदा मला पुढे आलेला दिसतो' बरं. बोलणं चित्राबद्दल राहतं, माणसाबद्दल होत नाही. दुसऱ्या कोणाशी तुलना करू नका, 'वयाच्या मानाने छान' म्हणू नका. ओळख नसेल तर 'तुम्ही' म्हणा. प्रोफाइलच्या फोटोवरून समोरचा सोळाचा की साठीचा ते कळत नाही, आणि अनोळखी माणसाचं अरे-तुरे त्यात टीका असली की फार टोचतं. लिहून झालं की एकदा मोठ्याने वाचा. समोर बसलेल्या माणसाला हे असंच म्हणाला असतात का? नसाल तर बदला.

८. दुसऱ्याच्या चित्रावर रेघा मारताना

काही गोष्टी शब्दांत सांगणं अवघड असतं. खांद्याचा कल, डोक्याचं वळण, अशा ठिकाणी चित्राची प्रत घेऊन तिच्यावर लाल रेघांनी दुरुस्ती दाखवतात. याला रेडलाइन म्हणतात आणि शिकणाऱ्याला त्याचा प्रचंड फायदा होतो. पण आधी विचारा, प्रत्येक वेळी विचारा. न विचारता आपल्या चित्रावर दुसऱ्याचा हात फिरलेला पाहणं अनेकांना सहन होत नाही, आणि ते रास्तच आहे.

परवानगी मिळाली की मूळ चित्र फिकं करून त्याच्यावर वेगळ्या लेयरवर फक्त गरजेपुरत्या रेघा मारा. सगळं चित्र आपल्या पद्धतीने रंगवून देऊ नका, तसं केलंत की ते तुमचं होतं आणि शिकणाऱ्याला शिकायला काही उरत नाही. ती प्रत दुसरीकडे कुठेही टाकायची नाही, आणि काढून टाका म्हटलं तर लगेच काढायची.

९. काही नाजूक जागा

'ती माझी स्टाइल आहे' हे उत्तर कधी खरं असतं, कधी ढाल असते. ओळखायची एक साधी रीत: तो बदल चित्रभर सातत्याने आहे का? सगळ्या माणसांचे डोळे मोठे, माना लांब असतील तर ती शैलीच आहे, तिला शरीरशास्त्र लावू नका. एकच डोळा खाली घसरलेला असेल तर 'हा मुद्दाम खाली ठेवलाय का?' असं विचारा. हो म्हटलं तर मान्य करा आणि पुढे जा.

लहान मुलाचं चित्र असेल, किंवा कोणी गेलेल्या आईचं चित्र काढून टाकलं असेल, तर छटा आणि प्रमाण विसरा. आधी माणसाशी बोला. चित्रातून किंवा सोबतच्या ओळींतून कोणी स्वतःला इजा करण्याच्या विचारात आहे असं वाटलं तर त्याला खाजगीत आपुलकीने विचारा आणि गट चालवणाऱ्यांना लगेच कळवा.

चित्र दुसऱ्याचं उचललंय, ट्रेस केलंय किंवा एआयने बनवलंय असा संशय आला तर चारचौघांत आरोप करू नका. संशय खोटा ठरला तरी शिक्का राहतोच, आणि ज्याने खरोखर रात्री जागून चित्र काढलं त्याला तो फार खोल लागतो. ज्यावरून संशय आला ते गट चालवणाऱ्यांना खाजगीत पाठवा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा.

१०. उत्तर आल्यावर

'धन्यवाद, करून पाहते' आलं तर उत्तम. काहीच आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका, लोक वाचतात आणि गुपचूप वापरतात. समोरचा चिडला तर वाद घालू नका. 'मला जे दिसलं ते सांगितलं, चित्र तुमचं आहे' एवढं लिहून थांबा. तुमचं म्हणणं पटवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. दुसऱ्या कोणाला चित्रात नेमकं उलटं दिसलं तर तेही तिथे राहू द्या. दोन पाहणाऱ्यांच्या नजरा वेगळ्या वाटेने गेल्या, ही चित्रकारासाठी उपयोगाचीच माहिती आहे.

आणि आपल्या उदाहरणातल्या चित्रकर्तीने सुधारलेलं चित्र पुन्हा टाकलं तर ते आवर्जून पाहा. बहुतेक जण पहिल्या अभिप्रायानंतर तिकडे फिरकतच नाहीत. जुनं आणि नवं शेजारी-शेजारी ठेवा, नव्यात नजर आता आधी कुठे जाते ते बघा आणि तेवढंच लिहा: 'आता चेहरा आधी दिसला, मग पुस्तक, छत्री शेवटी.' हातासाठी आणि खुर्चीच्या सावलीसाठी ती तयार असेल तर ते विचारायची हीच वेळ.